कंट्रोल धरला आणि फेडर शून्यावर गेला

प्रश्न : घरी माझ्या लॅपटॉपवर रीपर आहे. गावच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग मी त्यावरच करतो. मध्यंतरी ओळखीच्या एका स्टुडिओत बसायचा योग आला. तिथे क्युबेस होतं. बुवांचा आवाज अगदी अर्धा डेसिबल खाली घ्यायचा होता, म्हणून घरच्या सवयीने कंट्रोल दाबून फेडर धरला, तर तो सटकन शून्यावर जाऊन बसला. बुवा हेडफोन लावून ऐकत होते. आवाज असा आदळला की त्यांनी हेडफोन काढूनच ठेवला. घाईघाईत कंट्रोल-झेड दाबलं, तर फेडर जागचा हलला नाही, उलट मी आधी कापून टाकलेला पखवाजाचा तुकडा परत आला. माझं नक्की काय चुकलं? एकच बटण दोन ठिकाणी असं उलट का वागतं?
– एक वाचक, कणकवली

उत्तर : आधी बुवांच्या कानांबद्दल. फेडर उणे १२ डेसिबलवर होता असं धरू. तिथून तो एका झटक्यात शून्यावर गेला, तर आवाजाच्या लाटेची उंची जवळजवळ चौपट होते. कानाला तो आवाज दुपटीहून थोडा जास्त वाटतो. हेडफोनवर असं अचानक झालं तर कुणीही दचकेल. म्हणून नव्या जागी, सवय नसलेल्या सॉफ्टवेअरवर बसलात की गायकाच्या हेडफोनचा आवाज नेहमीपेक्षा खाली ठेवूनच सुरुवात करा. हात सरावला की वाढवता येतो.

आता बटणाचं. रीपरमध्ये कंट्रोल धरून फेडर ओढला की तो सावकाश, बारीक बारीक सरकतो. क्युबेसमध्ये हे काम शिफ्टकडे आहे. तिथे कंट्रोल धरून फेडरवर क्लिक केलं की तो मूळ जागी, म्हणजे शून्य डेसिबलवर जातो. (शून्य म्हणजे शांतता नव्हे. आलेल्या आवाजात काही मिळवायचं नाही आणि त्यातून काही काढायचं नाही, अशी ती जागा.) तुम्ही क्युबेसला जे सांगितलंत ते त्याने इमानेइतबारे केलं. फक्त तुम्ही ते रीपरच्या भाषेत बोलला होतात.

बाकीच्यांचंही सांगून ठेवतो, कारण तुम्ही उद्या तिसऱ्याच ठिकाणी बसाल. प्रो टूल्समध्ये बारीक सरकवायला विंडोजवर कंट्रोल आणि मॅकवर कमांड. मूळ जागी न्यायचं तर विंडोजवर ऑल्ट आणि मॅकवर ऑप्शन धरून क्लिक. लॉजिकमध्ये बारीक सरकवायला शिफ्ट, मूळ जागी न्यायला ऑप्शन-क्लिक. एफएल स्टुडिओत बारीक सरकवायला कंट्रोल, परत जागेवर आणायला ऑल्ट-क्लिक. रीपरमध्ये फेडर जागेवर आणायला नुसतं डबल-क्लिक पुरतं. एक कंट्रोल रीपर, प्रो टूल्स आणि एफएलमध्ये हात हलका करते आणि क्युबेसमध्ये फेडरला थेट उडी मारायला लावते, हे सहज लक्षात राहणारं नाही.

हे बारीक सरकवणं लागतं कशाला, असं काही जण विचारतात. हिशेब करून पाहा. पडद्यावरच्या फेडरची उंची १५० ठिपके आहे आणि त्यात उणे ६० पासून अधिक १२ पर्यंत, म्हणजे ७२ डेसिबल बसवायचे आहेत. सरासरीने एका ठिपक्याला अर्धा डेसिबल आला. प्रत्यक्षात फेडरची वाटणी सारखी नसते. शून्याच्या आसपास ठिपके दाट असतात आणि खाली जावं तसे एकेका ठिपक्यात कितीतरी डेसिबल कोंबलेले असतात. तुमच्या मंडळात पेटी आणि बुवांचा आवाज एकाच पट्टीत, एकमेकांच्या अंगावर असतात. तिथे अर्ध्या डेसिबलने शब्द स्पष्ट होतो किंवा पेटीखाली दबतो. माउसचा एक ठिपका एवढ्या नाजूक कामाला जाडा पडतो. कळ धरली की हाताच्या लांब हालचालीला फेडर थोडाच सरकतो, आणि मग अर्ध्या डेसिबलचेही बारीक तुकडे करता येतात.

आता प्रत्येकाने वेगळी कळ का निवडली? ही सॉफ्टवेअरं वेगवेगळ्या मुळांतून वाढली. क्युबेस १९८९ साली जर्मनीत अटारी एसटी संगणकावर जन्मलं. त्या संगणकाच्या माउसला दोन बटणं होती. प्रो टूल्स १९९१ साली अमेरिकेत मॅकवर आलं. मॅकच्या माउसला कितीतरी वर्षं एकच बटण होतं, आणि तिथे कंट्रोल धरून केलेला क्लिक म्हणजे उजवा क्लिक झाला. म्हणून मॅकवाल्यांची भिस्त कमांड आणि ऑप्शनवर राहिली. तीच सॉफ्टवेअरं पुढे विंडोजवर आली तेव्हा कमांडची जागा कंट्रोलने घेतली आणि ऑप्शनची ऑल्टने. एफएल स्टुडिओ १९९७ साली फ्रूटीलूप्स या नावाने बेल्जियममध्ये विंडोजवरच सुरू झालं. रीपर २००५ च्या शेवटी लोकांपुढे आलं. ते विनअ‍ॅम्प लिहिणाऱ्या जस्टिन फ्रँकेलचं काम. प्रत्येकाने आपल्याकडे ज्या कळा मोकळ्या होत्या त्या वापरल्या, आणि लाखो लोकांचे हात त्यांना सरावले. आता कुणी बदलायला गेलं तर जुन्या वापरणाऱ्यांचेच हात चुकतील.

तुम्ही क्युबेसच्या ‘की कमांड्स’च्या खिडकीत जाऊन हे बदलायचा प्रयत्न केला असेल तर तिथे काही सापडलं नसणार. फेडर ओढताना धरलेली कळ हा शॉर्टकट नसतो. शॉर्टकट म्हणजे कळ दाबली आणि काम झालं. इथे कळ एकटी काहीच करत नाही. ती माउसच्या कृतीचा अर्थ बदलते. स्टुडिओत तिला मॉडिफायर म्हणतात. शॉर्टकट आपटले तर यादीत दिसतात आणि बदलता येतात. फेडरचे मॉडिफायर आपटले तर त्या यादीत दिसत नाहीत. ते हातालाच शिकवावे लागतात.

यावर मला लाभलेला उपाय हाताच्या क्रमाचा आहे. बहुतेक जण आधी कळ दाबतात आणि मग फेडरला हात घालतात, तुम्हीही तेच केलंत. क्रम उलटा करा. आधी माउसने फेडरची टोपी पकडा, बटण दाबलेलंच ठेवा, आणि मग कळ दाबा. फेडर मूळ जागी नेणारी कृती क्लिकला बांधलेली असते, आणि तुमचा क्लिक कळ दाबण्याआधीच होऊन गेलेला असतो. चुकीची कळ दाबली गेली तरी सहसा एवढंच होतं की फेडर हवा तितका बारीक सरकत नाही. तेव्हा बोट उचलायचं आणि शेजारची कळ बघायची. हा क्रम अंगवळणी पडायला मला दोनेक आठवडे लागले. तेव्हापासून परक्या मिक्सरवर माझ्या हातून फेडर उडालेला नाही. घरी रीपरवरही हाच क्रम ठेवा. दोन ठिकाणी दोन क्रम ठेवले तर ऐन वेळी हात चुकीचाच निवडतो.

आणखी एक वाट आहे. अर्धा डेसिबलच कमी करायचा होता तर ओढायचं कशाला? क्युबेसमध्ये फेडरच्या आकड्यावर डबल-क्लिक करून हवा तो आकडा टाइप करता येतो. एबलटन लाइव्हमध्ये फेडर निवडून थेट आकडा टाइप केला तरी चालतं. मिक्सिंगच्या शेवटच्या टप्प्यात, सगळं जवळपास जागेवर बसलेलं असताना, मी ओढण्यापेक्षा आकडाच लिहितो.

राहिलं कंट्रोल-झेड. ही तुमच्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट आहे, कारण इथे एका चुकीवर दुसरी चूक चढली. क्युबेसमध्ये मागे फिरण्याच्या दोन वह्या आहेत. कापणं, जोडणं, हलवणं हे सगळं एका वहीत नोंदवलं जातं आणि ती वही कंट्रोल-झेडने मागे उलटते. फेडर आणि मिक्सरवरची इतर कामं दुसऱ्या वहीत जातात. नवव्या आवृत्तीपासून ती वही आहे आणि ती ऑल्ट-झेडने उलटते. तुम्ही कंट्रोल-झेड दाबलंत तेव्हा पहिल्या वहीतलं शेवटचं काम परत फिरलं. ते पखवाजाचा तुकडा कापण्याचं होतं. बरं झालं, तुकडा परत आलेला तुम्हाला दिसला. पाच-सहा वेळा दाबलं असतंत तर अर्ध्या तासाचं काम निमूटपणे उलटलं असतं आणि फेडर तसाच शून्यावर राहिला असता. रीपर आणि लाइव्हमध्ये एकच वही आहे, फेडरची हालचाल तिच्यातच येते. नवं सॉफ्टवेअर हातात आलं की मी पहिल्यांदा एक रिकामा ट्रॅक घेतो, त्याचा फेडर मुद्दाम हलवतो आणि कंट्रोल-झेड दाबून बघतो. दहा सेकंदांत कळतं की इथे वह्या किती आहेत.

प्रश्न : मी ट्रॅकची नावं मराठीत लिहिते : ‘तंबोरा’, ‘मुख्य आवाज’, ‘कोरस’. विंडोजचा लॅपटॉप आहे, क्युबेस वापरते. काही वेळ सगळं नीट चालतं, मग अचानक निम्मे शॉर्टकट बंद पडतात. म्यूटचं बटण दाबलं तर काही होत नाही, किंवा पडद्यावर एक छोटी अक्षरांची खिडकी उगवते. संगणक बंद करून सुरू केला की ठीक होतं. विशेष म्हणजे कोरसचे चार-पाच फेडर एकदम खाली-वर केल्यावर हे हमखास होतं. व्हायरस असेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : व्हायरस नाही. तुम्ही स्वतः इतकं बारकाईने पाहिलंत की उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यात आलं आहे. कोरसचे फेडर एकत्र हलवताना तुम्ही शिफ्ट आणि ऑल्ट एकदम धरत असणार. क्युबेसमध्ये निवडलेल्या चॅनेल्सना तात्पुरतं एकत्र बांधायची ती रीत आहे, क्यू-लिंक म्हणतात तिला. एक फेडर ओढला की बाकीचे त्याच्यासोबत चालतात आणि त्यांच्यातलं अंतर तेवढंच राहतं. कोरससाठी याहून सोयीचं काही नाही.

अडचण अशी की विंडोजमध्ये डावा ऑल्ट आणि शिफ्ट ही जोडी फार पूर्वीपासून दुसऱ्याच कामाला लावलेली आहे. संगणकावर एकाहून जास्त भाषा बसवलेल्या असतील तर ही जोडी दाबून सोडली की लिहिण्याची भाषा बदलते. ज्याच्या संगणकावर इंग्रजी एकटीच आहे त्याला हे जन्मात कळणार नाही, कारण बदलायला दुसरी भाषाच नाही. तुमच्याकडे मराठी आहे. तुम्ही शिफ्ट-ऑल्ट धरलंत, माउसने फेडर हलवलेत आणि बोटं उचललीत. मधे दुसरी कुठलीही कळ दाबली गेली नाही, म्हणून विंडोजला वाटलं की ही हाक त्याच्यासाठीच होती. फेडर तर सरकलेच, शिवाय कळफलकही मराठी झाला. कोपऱ्यातल्या घड्याळाशेजारी इंग्रजीची खूण जाऊन मराठीची आलेली असते, पण मिक्सिंग करताना त्या कोपऱ्याकडे कोण बघतं?

त्यानंतर निम्मेच शॉर्टकट का बंद पडतात? कळ दाबली की संगणकाला दोन गोष्टी कळतात : कुठली कळ दाबली आणि तिने कुठलं अक्षर उमटलं. काही सॉफ्टवेअर आणि काही खिडक्या कळीकडे बघतात. त्यांना भाषेशी देणंघेणं नसतं, म्हणून कंट्रोल-एस बहुधा मराठीतही सेव्ह करतं. काही मात्र अक्षराकडे बघतात. त्यांना इंग्रजी अक्षर हवं असतं आणि मिळतं मराठी. त्यात तुम्ही उच्चारावरून लिहिणारा, म्हणजे फोनेटिक कळफलक वापरत असाल, तर कळ सॉफ्टवेअरपर्यंत पोहोचतच नाही. मधला लेखनिक ती धरून ठेवतो आणि ‘म, मा, मी’ अशा सूचना दाखवतो. ती छोटी खिडकी त्याचीच.

हे मी स्वतः भोगलं आहे. एका रात्री नाट्यगीतांचं काम चालू होतं. ट्रॅकला ‘ऑर्गन’ असं नाव दिलं आणि मराठी तशीच चालू राहिली. पुढचा तासभर मी सॉफ्टवेअरच्या सेटिंग्ज चाळत बसलो, कळफलक उलटा करून झटकलासुद्धा. सकाळी सहा-साडेसहाला कोपऱ्यातली खूण दिसली. म्हणून तुमच्या प्रश्नाला मी एवढी जागा देतो आहे. ज्या भाषेत आपण गातो त्या भाषेत ट्रॅकची नावं लिहावीत, ही साधी इच्छा आहे आणि ती सोडायचं काही कारण नाही.

इलाज असा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज उघडा. टाइम अँड लँग्वेज, मग टायपिंग, मग अ‍ॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज. तिथे ‘इनपुट लँग्वेज हॉट कीज’ असा दुवा आहे. त्यातून भाषा बदलण्याच्या कळा काढून ‘नॉट असाइन्ड’ करा. मराठी लिहायची असेल तेव्हा विंडोजची कळ आणि स्पेस ही जोडी आहेच, ती कुठल्या फेडरच्या वाटेत येत नाही. त्याच पानावर प्रत्येक अ‍ॅपसाठी वेगळी भाषा लक्षात ठेवण्याचा पर्यायही आहे, तोही चालू करा. मग पत्र मराठीत लिहीत असताना मिक्सरकडे वळलात तरी मिक्सर आपला इंग्रजीतच असेल.

शिफ्ट वापरणाऱ्यांसाठी याच जातीच्या आणखी दोन खोड्या. विंडोजमध्ये शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली की ‘स्टिकी कीज’ची विचारणा येते. फेडर थोडा सरकवायचा, ऐकायचं, पुन्हा शिफ्ट, पुन्हा थोडा, असं करताना पाचचा आकडा सहज भरतो. आणि उजवी शिफ्ट आठ सेकंद धरून ठेवली तर ‘फिल्टर कीज’ पुढे येते. हो म्हटलंत तर पटकन दाबलेल्या कळा संगणक सोडून द्यायला लागतो, आणि मग सगळंच बिघडल्यासारखं वाटतं. ज्यांना दोन कळा एकत्र दाबणं शक्य नसतं किंवा ज्यांचा हात कापतो, त्यांच्यासाठी या फार मोलाच्या सोयी आहेत. म्हणून सोय काढू नका. अ‍ॅक्सेसिबिलिटीमधल्या कीबोर्डच्या पानावर फक्त तिचा शॉर्टकट बंद करा.

प्रश्न : एबलटन लाइव्हमध्ये मी ए दाबतो तेव्हा कधी ऑटोमेशन दिसतं, तर कधी सूर वाजतो. म्यूटसाठी एम दाबला तर सगळाच गोंधळ. आधी लॉजिक वापरत होतो.
– एक वाचक, पुणे

उत्तर : गोंधळाचं मूळ तुमच्या एममध्येच आहे. लॉजिकमध्ये आणि क्युबेसमध्ये एम म्हणजे म्यूट. लाइव्हमध्ये एम दाबला की संगणकाचा कळफलक पेटी होतो. रीपरमध्ये तोच एम गाण्यात खूण, म्हणजे मार्कर टाकतो. तुम्ही म्यूट करायला गेलात आणि नकळत पेटी उघडलीत. मग ए म्हणजे पांढरी एक, डब्ल्यू म्हणजे काळी एक, एस म्हणजे पांढरी दोन, ई म्हणजे काळी दोन, अशी कळफलकाची मधली ओळ पांढऱ्या पट्ट्यांची आणि वरची ओळ काळ्या पट्ट्यांची होते. झेड आणि एक्सने सप्तक खाली-वर होतं. पेटी उघडी असेपर्यंत एकट्या अक्षराचे शॉर्टकट चालत नाहीत. एम पुन्हा दाबा, पेटी मिटेल आणि ए पुन्हा ऑटोमेशन दाखवेल. एफएल स्टुडिओत हीच पेटी कंट्रोल-टीने उघडते-मिटते, लॉजिकमध्ये कमांड-केने, रीपरमध्ये ऑल्ट-बीने.

आणि ऑटोमेशनचं नाव काढलंतच म्हणून : एखादा फेडर हलवला तरी गाणं सुरू होताच आपोआप जुन्या जागी जात असेल, तर कळफलकाला दोष देऊ नका. त्या ट्रॅकवर आवाजाचं ऑटोमेशन लिहिलेलं आहे आणि फेडर त्याचं ऐकतो आहे.

प्रश्न : रीपरमध्ये एखादा प्लगिन उघडा असला की स्पेसने गाणं सुरू होत नाही. बंद केला की होतं. आणि कधी कधी मी काही न करता फेडर आपोआप हललेले असतात. हे कसं शोधायचं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : पहिलं सोपं आहे. कळ दाबली की ती ज्या खिडकीकडे लक्ष आहे तिच्याकडे आधी जाते. प्लगिनच्या खिडकीत क्लिक केलंत की लक्ष तिच्याकडे गेलं. त्या खिडकीच्या एफएक्स मेनूमध्ये ‘सेंड ऑल कीबोर्ड इनपुट टू प्लगिन’ असा पर्याय आहे. तो चुकून चालू झाला असेल तर स्पेससुद्धा प्लगिनच्या पोटात जाते. तो बंद करा. काही प्लगिन मात्र आकडे लिहायच्या चौकटी उघड्या ठेवून कळा धरून बसतात. तिथे मुख्य खिडकीवर एकदा क्लिक करून मगच स्पेस दाबायची.

कुठली कळ कोण खातं हे शोधायला रीपरमध्ये छान सोय आहे. प्रश्नचिन्ह दाबलं की अ‍ॅक्शन्सची यादी उघडते. तिथे ‘फाइंड शॉर्टकट’वर जाऊन संशयित जोडी दाबा. यादीने त्या जोडीचं काम दाखवलं तर भांडण रीपरच्या घरातलं आहे, तिथेच मिटवता येईल. काहीच दिसलं नाही, म्हणजे रीपरला ती हाक ऐकूच आली नाही, तर ती वाटेतच कुणीतरी घेतली : विंडोजने, भाषेच्या लेखनिकाने, नाहीतर ग्राफिक्सच्या ड्रायव्हरने. इंटेलच्या जुन्या ड्रायव्हरांमध्ये कंट्रोल-ऑल्ट आणि बाण दाबले की अख्खा पडदा उलटा-तिरपा फिरत असे. मॅकवर कंट्रोल आणि बाण दाबले की एका पडद्यावरून दुसऱ्या पडद्यावर उडी पडते. ज्यांनी तशी सेटिंग चालू ठेवली आहे त्यांच्याकडे कंट्रोल धरून चाक फिरवलं की पडदाच मोठा होतो. ही नावं आधी तपासा, सॉफ्टवेअर पुन्हा बसवायची घाई करू नका.

आपोआप हललेल्या फेडरांमागे मला तुमच्या माउसच्या चाकाचा संशय येतो. मिक्सर आडवा सरकवायला चाक फिरवलंत आणि बाण नेमका एखाद्या फेडरवर असला, तर मिक्सरऐवजी फेडर सरकतो. आवाज होत नाही, सूचना येत नाही, आणि दोन दिवसांनी कळतं की तबला एक डेसिबल खाली आहे. प्रेफरन्सेसमध्ये एडिटिंग बिहेवियरखाली माउसच्या पानावर ‘इग्नोर माउसव्हील ऑन ऑल फेडर्स’ आहे. त्यावर खूण करा. माझ्या मते ही खूण पहिल्याच दिवशी करायला हवी. चाकाने फेडर हलवण्यात जी सोय आहे तिच्यापेक्षा नकळत बिघडलेल्या मिक्सचं नुकसान फार मोठं आहे.

प्रश्न : एफ३ दाबलं की मिक्सर उघडण्याऐवजी लॅपटॉपचा आवाज वाढतो.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : लॅपटॉपवर वरच्या ओळीतल्या कळा आधी आवाज आणि उजेडासाठी ठेवलेल्या असतात. एफएन धरून एफ३ दाबा. पुष्कळ लॅपटॉपवर एफएन कायमचं लावून ठेवायची सोय असते. मॅकवर कीबोर्ड सेटिंग्जमध्ये या कळा नेहमीच्या एफ-कळांसारख्या वापरायचा पर्याय आहे.

प्रश्न : या सगळ्यापेक्षा खरे फेडर असलेला एखादा छोटा कंट्रोलर घेतला तर कटकट संपेल का? आणि घेईपर्यंत सगळे शॉर्टकट आपल्या मनासारखे बदलून टाकू का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : दुसऱ्याचं आधी. सगळे बदलू नका. मूळचे ठेवा आणि जिथे खरंच अडतं तिथेच बदला. क्युबेसच्या की कमांड्समध्ये नवी कळ दाबलीत की ती आधीच कुणाला दिलेली आहे ते तिथेच लिहून येतं, आणि रीपरही कळ हिसकावण्याआधी विचारतो. बदल केलेत की त्यांची फाइल बाहेर काढून पेनड्राइव्हवर ठेवा. परक्या स्टुडिओत ती फाइल भरण्याआधी मात्र तिथल्या माणसाला विचारा आणि निघताना त्यांची परत लावून द्या. आपल्यामागून बसणाऱ्याच्या हाताखालचे शॉर्टकट बदलून ठेवणं बरं नाही.

आता कंट्रोलर. माझं मत : भजन, आरत्या, नाटकाचं पार्श्वसंगीत असं बरंच काम करत असाल तर जरूर घ्या. सरळ रेषेत सरकणारे फेडर मिक्सिंगला आले त्याचं श्रेय अटलांटिक रेकॉर्ड्सच्या टॉम डाऊड यांना दिलं जातं. त्याआधी गोल फिरवायची बटणं असत, आणि एका हाताने एक-दोनच फिरवता येत. सरळ फेडर आले आणि एका हाताची चार बोटं चार वाद्यांवर ठेवता आली. माउसने आपण पुन्हा त्या एका बटणाच्या काळात गेलो आहोत. कोरस वर घेताना त्याच क्षणी पेटी खाली घेण्याची हालचाल माउसला जमत नाही, बोटांना जमते.

घेताना दोन गोष्टी बघा. एक, पायऱ्या. १९८३ साली आलेल्या मिडीच्या नेहमीच्या कंट्रोल संदेशात ० ते १२७, म्हणजे १२८च पायऱ्या असतात. वरचा ७२ डेसिबलचा हिशेब इथे लावला तर एका पायरीला अर्ध्या डेसिबलहून जास्त येतो, आणि आपण जिथे सुरुवात केली तिथेच येऊन थांबतो. मॅकी कंट्रोलच्या पद्धतीत फेडरची जागा पिच बेंडच्या संदेशातून जाते आणि त्या संदेशात १६,३८४ पायऱ्यांना वाव असतो. म्हणून स्वस्त कंट्रोलर ढोबळ काम करायला घ्या, शेवटचा अर्धा डेसिबल कळ धरून माउसनेच सरकवा.

दुसरी गोष्ट मोटर. कॉर्गच्या नॅनोकंट्रोल २ सारख्या छोट्या पट्टीवर आठ फेडर असतात, पण त्यांना मोटर नसते. पडद्यावरचा फेडर उणे १२ वर आणि हातातला शून्यावर असेल, तर तुम्ही हातातल्याला नुसता स्पर्श करून किंचित हलवलंत तरी पडद्यावरचा उडी मारून शून्याजवळ येतो. कणकवलीच्या वाचकांच्या बुवांना जो धक्का बसला तोच इथे कुठलीही कळ न दाबता बसतो. लाइव्हमध्ये यासाठी मिडीच्या सेटिंग्जमध्ये टेकओव्हर मोड आहे. तिथे ‘पिकअप’ निवडलंत की हातातला फेडर पडद्यावरच्या फेडरची जागा ओलांडेपर्यंत पडद्यावरचा हलतच नाही. मोटरचे फेडर महाग असतात, पण त्यांना हे काही लागत नाही. दुसरं गाणं उघडलंत की ते आपणहून सरकत आपापल्या जागी जाऊन उभे राहतात.